पियाचेंत्साच्या आदेलेबाई

नातीने परवा इटलीतून फोटो पाठवला. रेल्वेच्या फलाटावर ती उभी, मागे निळी पाटी, पाटीवर गावाचं नाव. खाली लिहिलेलं, "आजी, आदेलेबाईंचं गाव हेच का?" मी चष्मा पुसून पाटी पुन्हा वाचली. पियाचेंत्सा. हेच. आणि मला एकदम दोन हजार तीनचा सप्टेंबर आठवला.

ते गाव मी पाहिलेलं नाही. उत्तर इटलीत, पो नावाच्या नदीच्या काठी आहे. त्याच्याबद्दल मला जे काही माहीत आहे ते सगळं न्यू जर्सीत, आयसेलिनच्या एका कुंपणाशी उभं राहून ऐकलेलं. आमच्या मुलाच्या, अमितच्या घराशेजारी आदेलेबाई राहायच्या. वय ऐंशीच्या आसपास, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी लिंडा दूर फ्लोरिडात. पांढरे केस, कायम गडद निळा झगा, आणि पायांत नवऱ्याचे जुने बूट. "पाय त्याच्यापेक्षा लहान आहेत, पण बुटांना माझी सवय झाली आहे," म्हणायच्या.

तेव्हाची मी म्हणजे एक प्रकरणच होतं. नागपूरच्या मुलींच्या शाळेची नुकतीच निवृत्त झालेली हेडमिस्ट्रेस. सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर नातीला सांभाळायला आलेली, पण आव असा की अमेरिकेनेच मला तपासणीला बोलावलंय. साडीखाली स्पोर्ट्स शूज घालून मी सकाळी फिरायला निघायचे आणि लोकांच्या लॉनना मनातल्या मनात मार्क द्यायचे. सूनबाई ऋतुजा मला "आई, कारपुलिंगमध्ये हे सांगू का?" असं विचारून खो-खो हसायची. मला ती थट्टा वाटायची; ती खरंच माझ्या गोष्टी ऑफिसात सांगते हे मला कळतच नव्हतं.

पहिल्या भेटीत बाईंनी नाव विचारायच्या आधी गाव विचारलं.

"कुठली तू?"

"इंडिया."

"ते फार मोठं आहे. गाव?"

"नागपूर."

"म्हणजे काय?"

"म्हणजे... नागांचं गाव. नाग म्हणजे साप."

त्यांनी छातीवर क्रूस काढला. "आणि तरी राहता तिथे?"

"तीस लाख लोक राहतात," मी ठोकून दिलं. मला आकडा माहीत नव्हता, पण हेडमिस्ट्रेस कधी 'माहीत नाही' म्हणत नाही.

"रोमन असते तर दुसरं नाव ठेवलं असतं," त्या म्हणाल्या, आणि मग मला पहिल्यांदा ती गोष्ट ऐकायला मिळाली, जी पुढे त्यांनी पोस्टमनपासून प्लंबरपर्यंत सगळ्यांना सांगताना मी ऐकली. रोमन लोकांनी पोच्या काठी ठाणं वसवलं. सभोवती सगळे शत्रू, डोंगरापलीकडून हॅनिबल हत्ती घेऊन निघालेला, आत सैनिकांची बायका-पोरं. अशा वेळी त्यांनी गावाला नाव दिलं प्लासेन्तिया. म्हणजे जे आवडावं, जिथे मन रमावं, असं. त्याचंच पुढे पियाचेंत्सा झालं.

"सगळ्यांची घाबरगुंडी उडाली होती," आदेलेबाई मिटक्या मारत सांगायच्या. "म्हणून इतकं गोड नाव."

(आम्ही बोलायचो इंग्रजीत. त्यांचं इटालियन वळणाचं, माझं व्याकरणाच्या पुस्तकातलं. ते जसंच्या तसं लिहिलं तर वाचणाऱ्याचं डोकं दुखेल, म्हणून इथे मी दोघींनाही मराठी बोलायला लावते आहे.)

गोष्ट चांगली होती, पण बाई मला आवडल्या नाहीत. कारण त्यांची नजर. माझ्याकडे सरळ कधी बघायच्याच नाहीत. मान थोडी फिरवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून, तिरकं. अतिरेक्यांनी ते जुळे टॉवर पाडून दोनच वर्षं झाली होती. अमितने मला विमानतळावरून घरी आणतानाच बजावलं होतं, "आई, कधी कधी लोक विचित्र बघतात, इग्नोर कर." मी म्हटलं, मी आणि इग्नोर? चाळीस वर्षं वर्गात कोण कोणाकडे कसं बघतं हेच बघण्यात गेलं माझं आयुष्य. दुसऱ्या दिवसापासून मीही त्यांच्याकडे तिरकं बघायला लागले. कुंपणाच्या दोन बाजूंना दोन म्हाताऱ्या, माना वाकड्या करून हवापाण्याच्या गप्पा मारताहेत. महिनाभराने माझ्या मानेत लचक भरली. ऋतुजाने मलम चोळता चोळता विचारलं, "आई, झालं तरी काय?" मी उशीला दोष दिला.

त्यांची दुसरी खोड म्हणजे नावं ठेवणं. शब्दशः. तळघरात बॉयलर होता, तो हिवाळ्यात धडधडायचा म्हणे. त्याचं नाव मामा. डोळ्यांचा दवाखाना म्हणजे समुद्रकिनारा. "मंगळवारी समुद्रकिनाऱ्यावर जायचंय," असं त्या म्हणाल्या तेव्हा मी त्यांना टोपी न्यायला सांगितलं. ओट्यावरून अंगणात उतरायची एक पायरी जरा उंच होती, ती सिंहासन. लिंडाचा दर रविवारचा फोन म्हणजे प्रार्थना. एकदा मी विचारलं, ही सवय कुठली? तर म्हणाल्या, आईची. महायुद्धाच्या शेवटच्या वर्षात पो नदीवरचे पूल पाडायला विमानं यायची. भोंगा झाला की आई सगळ्यांना तळघरात नेताना म्हणायची, "चला, ऑपेराला!" वर बॉम्ब पडायचे आणि ती पोरींना विचारायची, "आज कोण गातंय?"

"आणि तुम्ही काय म्हणायचात?"

"आम्ही म्हणायचो, बेसूर आहे."

मी हसले. बाई हसल्या नाहीत. ज्याचं नाव गोड, त्याची त्यांना भीती, हे मला तेव्हाही कळलं नाही. हुशार म्हणून गणली गेलेली बाई मी!

कळलं ते जुलैत. माझ्या भाचीचं लग्न अमेरिकेतच, अल्फारेटा नावाच्या गावी ठरलं होतं आणि रुखवतात गव्हले मांडायचे म्हणून मी मागच्या डेकवर रवा-मैदा भिजवून बसले होते. दुधात मळलेल्या पिठाची बारीक लोळी करायची, अंगठा नि बोटाच्या चिमटीत तांदळाएवढा दाणा वळायचा, सुपात टाकायचा. तासन् तास. आदेलेबाई सिंहासन उतरून हळूहळू आल्या, माझ्या शेजारी बसल्या आणि न विचारता सुपात हात घातला. मी "अहो हात धुतलेत का" म्हणणार होते. पण त्यांचा चेहरा पाहून गप्प बसले. दाणे बोटांतून सोडत होत्या, पुन्हा घेत होत्या.

"पिसारेई. आमच्याकडचे पिठाचे दाणे," त्या म्हणाल्या. "पण हे चिमण्यांसाठी केल्यासारखे."

मग त्यांनी माझ्या परातीतून गोळा घेतला. लोळी केली, नखाएवढा तुकडा तोडला, अंगठ्याने दाबून असा झटकन ओढला की त्याची पोकळ शिंपली झाली. एक, दुसरी, तिसरी. सगळ्या एकसारख्या. आणि हे करताना त्या समोरच्या मेपलकडे बघत होत्या.

"आमच्याकडे मुलगी बघायला आले की सासू तिचा उजवा अंगठा हातात घेऊन बघायची," त्या म्हणाल्या. "घट्टा असला तर पास. म्हणजे मुलगी रोज पिसारेई करते. माझ्या सासूने दोनदा दाबून पाहिला. तुला कशात पास केलं?"

"मला चालायला लावलं, गायला लावलं. आणि शेवटी सुईत दोरा ओवायला लावला."

"ते कशाला?"

"नजर बघायला. मुलीचे डोळे अधू नाहीत ना, म्हणून."

त्यांचा अंगठा थांबला. "हीच परीक्षा आता मला द्यायची आहे, कुसुम."

आणि त्यांनी सांगितलं. डोळ्यांतली मधली नजर गेली होती. सरळ पाहिलं की समोर नुसता करडा डाग. फक्त कडेने दिसायचं. माझा चेहरा बघायचा तर तोंड दुसरीकडे करावं लागायचं. मी महिनाभर जिच्याशी मानेची लढाई लढले, तिला मान वाकडी केल्याशिवाय मी दिसतच नव्हते! मला हसू येईना आणि रडूही. लाजेने मी गव्हले करत राहिले, आणि ते शेंगदाण्याएवढे जाड झाले.

लिंडाला संशय आला होता. आईने ख्रिसमसला तिला पाठवलेल्या कार्डावर सही अर्धीच होती, उरलेली कडेबाहेर गेलेली. सप्टेंबरात ती येणार होती, सोबत वृद्धांच्या देखभालीचं बघणाऱ्या संस्थेची एक बाई. आई एकटी राहू शकते की नाही, हे ती बाई घरी बसून, स्वयंपाक करायला लावून ठरवणार. नाही म्हणाली तर घर विकायचं आणि आदेलेबाईंना लिंडाच्या गावातल्या एका आश्रमात न्यायचं. त्या आश्रमाचं त्यांनी अजून काही नाव ठेवलं नव्हतं. त्यावरून मला कळायला हवं होतं की भीती कुठवर गेली आहे.

"ते घर मला बोटांनी पाठ आहे," त्या म्हणाल्या. "नव्या जागी मी खरीच आंधळी होईन."

पण एक अडचण होती आणि ती लिंडानेच घरात आणली होती. आईची काळजी म्हणून तिने जुना गॅस काढून काचेची विजेची शेगडी बसवून दिली होती. सपाट, गुळगुळीत. ना ज्योत, ना आवाज. नॉब सगळे गोल, एकसारखे. कुठला नॉब कुठल्या चुलीचा आणि किती फिरवला, हे फक्त काचेवर छापलेलं. जुन्या गॅसवर बाई डोळे मिटून मेजवानी करत. या सुरक्षित शेगडीवर त्यांना दूधही तापवता येईना.

उपाय मला सुचला, आणि त्याचा मला आजही गर्व आहे. ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानातून मी खड्यांच्या टिकल्यांची पाकिटं आणली. प्रत्येक नॉबवर एक. टिकली वर, म्हणजे बंद. उजवीकडे, म्हणजे मंद. खाली, म्हणजे मध्यम. पुढच्या चुलीच्या नॉबशेजारी एक टिकली, मागच्या चुलीच्या नॉबशेजारी दोन. मग मायक्रोवेव्हला, थर्मोस्टॅटला, रक्तदाबाच्या गोळ्यांच्या बाटलीला. बाई बोट फिरवून म्हणाल्या, "माझं स्वयंपाकघर नवरी झालं."

रोज दुपारी माझी नात इरा झोपली की आमची तालीम. मी परीक्षक व्हायचे. "मीठ?" "डावीकडून दुसरं." "मागची चूल, मंद!" बोट झर्रकन जाऊन बसायचं. कॉपी करताना सापडलेल्या मुलींना मी शाळेत उन्हात उभं केलं होतं. आता मी स्वतः शेगडीला कॉपी चिकटवून देत होते, आणि वर उत्तरं पाठ करून घेत होते.

अमितला कळलं तेव्हा तो जेवता जेवता उठलाच. "आई, तू यात पडू नकोस. सीरियसली. उद्या तिथे आग लागली तर लायबिलिटी आपल्यावर येईल. सू करतात इथे, कोर्टात खेचतात!"

"मी टिकल्या लावल्या, पेट्रोल नाही ओतलं."

"तू व्हिजिटर व्हिसावर आहेस! आणि माझं ग्रीन कार्ड अजून अडकलंय, यार."

तो चुकीचं बोलत नव्हता. रात्री मला झोप लागेना. सकाळी उठले की आधी खिडकीतून त्यांच्या छपराकडे बघायचे, धूर तर नाही ना. खरोखरच काही झालं तर? मी एका म्हातारीला मदत करत होते की तिला जाळायची तयारी करत होते, हे मला ठरवता येत नव्हतं. एकदा बाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "परीक्षेच्या दिवशी तू मैत्रीण म्हणून बस. पण काही झालं तरी तोंड उघडायचं नाही. शब्द दे."

मी दिला.

लिंडा आदल्या संध्याकाळी आली. उंच, थकलेली, आईसारखंच नाक. सकाळी मी गेले तेव्हा घर लख्ख होतं, साबणाचा वास येत होता. तपासणीसबाई आधीच येऊन बसल्या होत्या. मिस जॉयस, भरदार, शांत, हातात पेन. आदेलेबाई पिठाची परात घेऊन बसल्या होत्या. अंगठा भराभर चालत होता. मिस जॉयस कौतुकाने बघत होत्या. मी खुर्चीवर टेकले आणि सहज शेगडीकडे पाहिलं.

एकही टिकली नव्हती.

"आई, शेजारची पोरं येतात का गं इथे?" लिंडा कॉफी ओतत म्हणाली. "सगळ्या किचनभर स्टिकर होते. खरवडता खरवडता माझी नखं गेली."

आदेलेबाईंचा अंगठा थांबला आणि पुन्हा चालू झाला. त्यांनी माझ्या दिशेने तोंड केलं, म्हणजे मी त्यांना दिसत नव्हते. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

त्या उठल्या. पाण्याचं पातेलं पुढच्या चुलीवर ठेवलं, बरोबर मध्ये. तयार पिसारेईंचा लाकडी पाट, वर पंचा झाकलेला, लिंडाने मागच्या चुलीवर सरकवून ठेवला होता. बाईंचा हात नॉबवर गेला. बोटं गोल फिरली. पुन्हा फिरली. मग त्यांनी अंदाजाने एक नॉब फिरवला आणि ताठ उभ्या राहिल्या, बेसिनकडे बघत, जणू सगळं ठीक आहे.

मी बघत होते. पातेल्याखाली काच काळीच होती. पाटाखाली लाल होत होती.

मिस जॉयस काही लिहीत होत्या. लिंडा कप विसळत होती. लाल जास्त लाल झालं. पंच्याचं लोंबणारं टोक काचेला टेकलं होतं, ते तपकिरी व्हायला लागलं. मी शब्द दिला होता. पदराचं टोक मी इतकं पिळलं की... आणि मग धुराची बारीक रेघ वर गेली.

"अहो बाई, जळतंय!" मी ओरडले. चक्क मराठीत.

सगळ्यांना कळलं. लिंडा धावली, पण आदेलेबाईंनी हात आडवा केला. एकेक करून सगळे नॉब त्यांनी बंद केले. पंचा उचलून बेसिनमध्ये टाकला, नळ सोडला. आता त्या काहीतरी म्हणतील, ऑपेरा म्हणतील, समुद्रकिनारा म्हणतील, असं मला वाटलं. मी त्याची वाट बघत होते.

"मला दिसत नाही," त्या म्हणाल्या. "लिंडा, मी आंधळी होत चालले आहे. दोन वर्षं झाली."

नळ वाहत होता.

"ते स्टिकर पोरांचे नव्हते. कुसुमने लावले होते, माझ्या बोटांसाठी. ते असताना मी एकदाही चुकले नाही. तू मला ते दे आणि मग बघ."

लिंडाचा चेहरा पांढरा पडला होता. "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

ती रडायला लागली. "मी तिकडे रोज रात्री फोनकडे बघत बसते, आई. आज तू पडलीस का, आज काही पेटलं का. असं किती दिवस बसू?"

"मी तू जन्मल्यापासून बसले आहे," आदेलेबाई म्हणाल्या. आवाज चढा नव्हता.

मिस जॉयसनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे वळून विचारलं, "अजून आहेत तुमच्याकडे?" माझ्या पर्समध्ये टिकल्यांचं पाकीट नसेल असा दिवस अजून उगवायचाय. मी टिकल्या काढून दिल्या, त्यांनी त्या लिंडाच्या हातात ठेवल्या. आई सांगत होती, मुलगी लावत होती: वर, बंद. एक, पुढची. दोन, मागची. मग मिस जॉयसनी स्वतः डोळे मिटून त्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "आता पुन्हा करा. पहिल्यापासून. घाई नाही."

आदेलेबाईंनी पुन्हा केलं. पाणी उकळलं, पिसारेई वर तरंगले, ठिपकेदार राजमा घातलेल्या टोमॅटोच्या रश्श्यात गेले. पाटाच्या बाजूचे थोडे करपलेले होते, तेही सगळ्यांनी खाल्ले. मी शाकाहारी, म्हणून माझ्या वाटीत चरबीऐवजी तेल आहे, याची त्यांनी दोनदा वास घेऊन खात्री करून घेतली.

मिस जॉयसनी घर पाहिलं, जिने पाहिले, सिंहासन पाहिलं. निर्णय जाताना दारातच सांगितला: तूर्त राहू शकतात. तळघर बंद. पायरीला कठडा. आणि दिवसातून दोनदा कोणीतरी डोकावून जायचं, रोज, नाव लिहून द्या.

माझं परतीचं तिकीट पुढच्या महिन्याचं होतं. संध्याकाळी घरी हे सांगितलं तर अमित लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला, "ओके, पण हू विल डू इट?" आणि ऋतुजा, जिला मी सहा महिने मनातल्या मनात शंभरपैकी पंचेचाळीस देत होते, ती पोळी भाजता भाजता म्हणाली, "मी. सकाळी ऑफिसला जाताना नि संध्याकाळी येताना. माझं नाव द्या, आई."

दुसऱ्या दिवशी कुंपणाशी मी आदेलेबाईंना विचारलं, "काल तुम्ही गोड नाव का नाही दिलंत?"

त्यांनी कुंपणावर हात टेकला. मग म्हणाल्या, "त्या रोमनांची गोष्ट मी सगळ्यांना अर्धीच सांगते. हॅनिबल गेला, आणि मग गॉल लोकांनी येऊन गाव जाळलं. प्लासेन्तिया. ज्याचं नाव मन रमावं असं, ते जळून राख."

"मग?"

"मग काय? परत आले. भिंती बांधल्या. नाव तेच ठेवलं." त्यांनी नाक ओढलं. "नाव चांगलं होतं. पण भिंती बांधाव्या लागतात, कुसुम."

ऑक्टोबरात मी निघाले. सामान गाडीत चढवून झाल्यावर मी निरोप घ्यायला गेले, तर बाई स्वयंपाकघरात कामात होत्या. "जा, विमान थांबणार नाही," एवढंच म्हणाल्या आणि पिठाचे हात माझ्या साडीला लागू नयेत म्हणून कोपरांनीच मला कवटाळलं. माझं रडणं सुरू व्हायच्या आत मला दाराबाहेर काढून दार लावून घेतलं.

गाडी मागे घेताना मला त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसली. त्या पाठमोऱ्या उभ्या होत्या, नवऱ्याच्या बुटांत, आणि पातेल्यावरून वाफ वर जात होती. अमितने दोनदा हॉर्न वाजवला. त्यांनी वळून पाहिलं नाही. शेगडीवर काहीतरी चढलं होतं, आणि ते उतू जाऊ द्यायला त्या तयार नव्हत्या.